वर्गणीचे दिवस आजच मोजून घ्या

कामगार बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्या घरातून रोज कुणीतरी कंपनीत, गोदामात, हॉस्पिटलात किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर कामाला जातं अशा सर्वांनो, हे आवाहन दोन कामांसाठी आहे. पहिलं काम आज संध्याकाळी घरी बसून होण्यासारखं आहे. कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, तुमच्या नावावर किती दिवसांची वर्गणी जमा आहे ते पाहून घ्या. दुसरं काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे. आजारपण आणि अपंगत्वाच्या लाभांसाठी लागणारी वर्गणीची अट यापुढे एका दिवसानंही वाढू द्यायची नाही, आणि मालकानं न भरलेले दिवस कामगाराच्या हक्कातून वजा होऊ द्यायचे नाहीत.

घाई कशासाठी ते सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता देशभर लागू झाल्या. १९४८ चा ईएसआय कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेले. जुन्या कायद्यांखालचे नियम आणि योजना, संहितेशी विसंगत नसतील तर, एक वर्षापुरत्या चालू राहतील अशी सोय संहितेनं ठेवली आहे. त्या वर्षाच्या आत या योजनांचा मजकूर नव्यानं लिहून व्हायचा आहे. अपंगत्वाचं पेन्शन कुणाला, किती महिन्यांच्या वर्गणीवर, सलग नोकरी म्हणजे नेमकी किती आणि खंड म्हणजे काय, हे सगळं त्या मजकुरातल्या एखाद्या पोटकलमात ठरतं. ते पोटकलम राजपत्रात छापून आल्यावर ओरडून उपयोग नसतो. बोलायचं ते आत्ताच.

आधी सध्याचा हिशेब समजून घेऊ, कारण कित्येकांना पगारातून कापले जाणारे ०.७५ टक्के तेवढे माहीत असतात. मालक त्यात ३.२५ टक्के घालतो. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा. पहिल्या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधलं आजारपण निभावतं, दुसऱ्या काळातल्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधलं. आजारपणाचा भत्ता रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. महिन्याला २६ हजेऱ्या धरल्या तर बरोबर तीन महिने. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, मनोविकार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी भत्ता ८० टक्के होतो आणि दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. मात्र त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी हवी.

कागदावर ही अट फार कडक वाटत नाही. कायम नोकरीवर असलेल्या माणसाला ती जाणवतही नाही. ती आवळली जाते ठेक्यावरच्या माणसाभोवती, आणि ती आवळायला कायदा बदलावाही लागत नाही.

एका कामगाराचा हिशेब इथे मांडते. वय चाळिशीच्या आसपास, गाव लातूर जिल्ह्यात, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वेल्डिंगच्या लाइनवर चार वर्षं. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. बायको आमच्या मदत केंद्रात आली तेव्हा हातात नवऱ्याचा फोन आणि कापडी पिशवीत कागद. फोनवर ईएसआयचं पान उघडलं. एप्रिल २६, मे २६, जून १२, जुलै ०, ऑगस्ट ०, सप्टेंबर ७. बेरीज ७१. अटीला सात दिवस कमी.

हा माणूस जुलै-ऑगस्टमध्ये कुठेही गेला नव्हता. त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली उभा होता. पिशवीत दोन्ही महिन्यांचे गेटपास होते आणि बँकेच्या पासबुकात दोन्ही महिन्यांचा पगार जमा झालेला दिसत होता. झालं एवढंच की जूनच्या मध्यावर कंपनीनं लेबर कॉन्ट्रॅक्टर बदलला. ईएसआयची मासिक यादी भरताना प्रत्येक माणसापुढे दिवसांचा रकाना असतो. शून्य दिवस टाकले तर कारण निवडावं लागतं. जुन्या कॉन्ट्रॅक्टरनं कारण निवडलं, नोकरी सोडली. नव्यानं नाव चढवलं ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्यामुळे ७८ दिवसही हुकले आणि दोन वर्षांची सलग नोकरीही कागदावर तुटली. एका आजारानं माणूस अंथरुणाला खिळला आणि त्याच सुमारास दोन्ही भत्त्यांची दारं बंद झाली.

ईएसआय कायद्याच्या ६८ व्या कलमात यावर उत्तर होतं. मालकानं वर्गणी न भरल्यामुळे कामगार लाभाला मुकत असेल, तर महामंडळ त्याला लाभ देऊ शकतं आणि रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. शिवाय ठेकेदाराकडच्या माणसांची वर्गणी आधी भरण्याची जबाबदारी ४० व्या कलमानं मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या शेडमध्ये काम चालतं त्या कंपनीवर टाकली होती. त्या आधारानं अर्ज केला, पासबुक आणि गेटपास जोडले. दिवस पुन्हा जोडून घ्यायला महिने लागले. तोवर त्या घरातल्या मुलीनं बारावीनंतरचा प्रवेश सोडून दिला आणि एका मॉलमध्ये कामाला लागली. ज्या बाईनं गेटपास जपून ठेवले नसते तिचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण गेटपास जपणारी माणसं थोडी असतात.

अपघाताच्या बाबतीत कायदा जास्त माणुसकीनं वागतो. कामावर किंवा कामावर येता-जाता इजा झाली तर वर्गणीच्या दिवसांची अट नाही. बरं होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात. बोट, हात, डोळा कायमचा गेला तर मेडिकल बोर्ड कमाईची किती क्षमता गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. मात्र अपघात झाला त्या दिवशी तुमचं नाव यादीत असायला हवं. पॉवर प्रेसवर बोटं गमावणाऱ्या वाहन उद्योगातल्या कामगारांवर सेफ इन इंडिया फाउंडेशन बरीच वर्षं अहवाल काढत आहे. अनेकांना ईएसआयचं कार्ड अपघातानंतर हातात मिळालं, असं त्या अहवालांत पुन्हा पुन्हा नोंदलं गेलं आहे. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी इथल्या कामगारांना यात नवल वाटणार नाही.

आता पीएफच्या पेन्शनकडे येऊ. इथे एक फार मोलाची तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत म्हातारपणच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. पण नोकरीत असताना माणूस आपल्या कामासाठी कायमचा आणि पूर्णपणे निकामी झाला, तर एका महिन्याची वर्गणीसुद्धा पुरते. फक्त एक महिना. अपंगत्व नोकरीची वर्षं मोजून येत नाही हे ज्या कुणी ती ओळ लिहिली त्यानं ओळखलं होतं. वर सांगितलेल्या कामगाराला याच ओळीचा आधार होता. आणि त्याच वेळी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस राजीनाम्याचा छापील कागद घेऊन घरी येऊन बसला होता. 'सही करा, पीएफ लगेच काढून देतो.' त्या सहीनं नोकरीत असताना अपंगत्व आलं हा मुद्दाच वादात सापडला असता. म्हणून हात जोडून सांगते, आजारी माणसाच्या घरी राजीनाम्याचा कागद आला तर कुणीही सही करू नका, अंगठा देऊ नका, आणि घाईनं पीएफ काढू नका. आधी फॉर्म १०-डी आणि मेडिकल बोर्डाबद्दल विचारा.

हे पेन्शन कमीत कमी १,००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढंच. त्यात घर चालत नाही हे मान्य. पण वर्गणीशिवाय मिळणारी मदत कितीशी आहे तेही पाहा. केंद्राचं अपंग पेन्शन महिना ३०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालच्या ८० टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की घरात एकजण जरी राबत असला तरी दाखला मिळवताना नाकी नऊ येतात. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २० वं कलम त्याची नोकरी आणि पगार सांभाळतं. ठेक्यावरच्या माणसाला असं कवच नाही. त्याच्याकडे आहे ती त्यानं स्वतः भरलेली वर्गणी. तिच्यावरची अट आणखी कडक झाली तर तो थेट तहसील कचेरीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

अट कडक करणारे ती मागच्या दारानं कशी आणतात याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तिथं आजारामुळे काम करू न शकणाऱ्यांना वर्गणीवर भत्ता मिळायचा आणि आयुष्यात पूर्वी कधीतरी पुरेशी वर्गणी भरलेली असली तरी चालायचं. १९९९ च्या कायद्यानं ते बदललं. २००१ पासून अलीकडच्या तीन वर्षांतली वर्गणी असेल तरच भत्ता, असं झालं. सत्ताधारी मजूर पक्षाच्याच डझनावारी खासदारांनी संसदेत त्याविरुद्ध मतदान केलं होतं. २०१० मध्ये अट आणखी आवळली. आणि लहानपणापासून अपंग असल्यामुळे ज्यांना कधी कमावताच आलं नाही, अशा तरुणांसाठी वर्गणीची जी सवलत होती ती २०१२ मध्ये बंद केली. प्रत्येक वेळी कारण साधंसरळ वाटणारं होतं. प्रत्येक वेळी बाहेर पडला तो मधली काही वर्षं घरच्या आजारी माणसाची सेवा करणारा, किंवा स्वतःच दुखणं अंगावर काढत अधूनमधून काम करणारा.

आपल्याकडचा प्रवास उलट दिशेनं झाला आहे, आणि तो अभिमानानं सांगण्यासारखा आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडला किंवा कामाबाहेरच्या इजेनं ४० टक्के कायम अपंगत्व येऊन नोकरी गेली तर बेकारी भत्ता मिळतो. २००५ मध्ये ती योजना आली तेव्हा पाच वर्षांची वर्गणी लागायची. पुढे तीन वर्षं झाली, मग दोन. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांवरच्या मोठ्या उपचारांसाठी ईएसआयमध्ये दोन वर्षांच्या नोकरीची अट होती. २०१८ मध्ये महामंडळानं ती विमाधारकासाठी सहा महिने आणि ७८ दिवसांवर आणली. म्हणजे अटी सैल केल्यावर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. महामंडळ बुडालं नाही, माणसं वाचली.

म्हणूनच मला काळजी वाटते ती नव्यानं लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची. डिलिव्हरी करणाऱ्या आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्या मुलांसाठीच पाहा. संहितेत त्यांना जीवन आणि अपंगत्वाचं संरक्षण देण्याची भाषा आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असंही आहे. पण डिसेंबर २०२५ अखेरच्या मसुदा नियमांत पात्रतेसाठी अट होती की आधीच्या वर्षात एका कंपनीसाठी किमान ९० दिवस काम हवं, अनेक कंपन्यांसाठी केलं असेल तर १२० दिवस. पावसात घसरून मणका मोडणारा मुलगा कामाला लागून महिनाच झालेला असेल तर? या धंद्यात नवखाच जास्त पडतो, कारण त्याला रस्ते आणि गाडी अजून अंगवळणी पडायची असते. इजेच्या संरक्षणाला दिवसांची अट घालणं मला कोणत्याही अंगानं पटत नाही. कारखान्यातल्या कामगाराला पहिल्या दिवसापासून जे मिळतं ते रस्त्यावरच्या कामगाराला का नको?

अट नसेल तर लोक आजारी पडल्यावर नाव नोंदवतील आणि निधी लुबाडतील, असं अधिकारी सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे. विमा म्हटला की काहीतरी अट लागणारच. आजारपणासाठी ७८ आणि दीर्घ आजारासाठी १५६ दिवसांची अट असायला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की दिवस मोजायचे ते काम केलेले मोजा. कामगाराची हजेरी मशीनवर लागते, पगार बँकेतून होतो, आधार जोडलेलं असतं. त्याचं काम सिद्ध करणं आज पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. मालकानं चलन भरलं की नाही यावर कामगाराचा हक्क टांगून ठेवायची गरज कुठे उरली?

तर आता काय करायचं. फोनवर उमंग ॲप किंवा ईएसआयचं विमाधारकांचं पोर्टल उघडा आणि महिन्यावार दिवस पाहा. जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. चालू सहा महिन्यांत ७८ च्या खाली जात असाल, एखाद्या महिन्यापुढे शून्य असेल किंवा विमा क्रमांकच दोन निघाले असतील, तर ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्च उजाडायची वाट पाहू नका. कंपनीच्या एचआरला लेखी द्या आणि पोचेवर सही-शिक्का घ्या. कॉन्ट्रॅक्टर टोलवत असेल तर थेट कंपनीला लिहा. तरीही झालं नाही तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा किंवा १८००-११-२५२६ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. गेटपास, पगारपत्रक, पासबुक यांचे फोटो काढून फोनमध्ये आणि घरच्यांकडेही ठेवा. पीएफचं पासबुक त्याच बैठकीत पाहून टाका.

जे स्वतः ठेक्यावर नाहीत त्यांनाही सांगणं आहे. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला, हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉयला, कॉलेजातल्या सफाई करणाऱ्या मावशींना एकदा विचारा की कार्ड मिळालंय का आणि दिवस भरतायत का. सोसायटीच्या कमिटीनं एजन्सीचं बिल देण्याआधी ईएसआय आणि पीएफच्या चलनाची प्रत मागावी. एजन्सीला त्याची सवय लागेल. डॉक्टरांनो, पक्षाघाताचा, कर्करोगाचा रुग्ण तपासताना तो कुठे कामाला आहे आणि विमा आहे का एवढं विचारा. कामगार संघटनांनी, मग झेंडा कोणताही असो, या एका मुद्द्यावर एकत्र यावं. आमदार-खासदारांच्या कार्यालयात शिष्टमंडळ न्या. तेही शक्य नसेल तर साधं पत्र टाका: केंद्रीय श्रम आणि रोजगार मंत्रालय, श्रम शक्ती भवन, रफी मार्ग, नवी दिल्ली.

पत्र मराठीत चालेल, एका पानाचं असावं, आणि त्यात एवढ्या मागण्या असाव्यात. पेन्शन योजनेतली अपंगत्वासाठीची एका महिन्याची अट नव्या योजनेत जशीच्या तशी राहावी. ७८ आणि १५६ दिवस वाढू नयेत, आणि ते चलनावरून न मोजता केलेल्या कामावरून मोजावेत. कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी माणूस त्याच ठिकाणी कामावर असेल तर नोकरी सलग धरावी. मालकानं वर्गणी बुडवली तर कामगाराला आधी लाभ द्यावा आणि वसुली मालकाकडून करावी, हे जुन्या ६८ व्या कलमाचं तत्त्व नव्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावं. आणि ॲपवर काम करणाऱ्यांना इजेचं संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळावं. खाली नाव, गाव, कामाचं ठिकाण लिहून सही करा आणि शेजारच्या दोघांना त्यांचं पत्र लिहायला मदत करा.